दुसऱ्या भेटीचे व्हेनिस

७ फेब्रुवारी १५०६ रोजी जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने व्हेनिसहून न्यूरेंबर्गला आपला मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर याला एक पत्र लिहिले. ड्यूरर तेव्हा ३४ वर्षांचा होता. तो सोनाराचा मुलगा. कोरणी लहानपणापासून हातात खेळलेली, आणि त्याची लाकूडठशांची छापील चित्रे एव्हाना आल्प्सच्या दोन्ही अंगांना विकली जात होती. स्थानिक चित्रकार आपला मत्सर करतात, त्यांच्याबरोबर खाऊपिऊ नकोस असे इटालियन मित्र बजावतात, असा मजकूर लिहिता लिहिता तो मध्येच एक वाक्य लिहून जातो. त्याचा आशय असा, की अकरा वर्षांपूर्वी जे फार आवडले होते ते आता आवडत नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नसते तर कुणी सांगूनही ते खरे वाटले नसते. आवडेनासे झाले ते नेमके काय, हे त्याने लिहिलेले नाही. पण या वाक्यातली ‘अकरा वर्षे’ इतिहासकारांना फार मोलाची आहेत. १४९४-९५ च्या हिवाळ्यात, लग्न होऊन काही महिनेच झाले असताना, ड्यूरर पहिल्यांदा व्हेनिसला गेला असे आपण मानतो. पण त्या प्रवासाची रोजनिशी नाही, पत्र नाही. आल्प्सच्या वाटेवरची काही जलरंगातली चित्रे आहेत, काही रेखाटने आहेत आणि दुसऱ्या भेटीत लिहिलेले हे एक वाक्य आहे. त्या वेळी तो व्हेनिसपर्यंत पोचला तरी का, अशी शंका घेणारे अभ्यासकही आहेत. त्यांना उत्तर देताना शेवटी याच वाक्याकडे बोट दाखवावे लागते.

पहिल्या भेटीची साक्ष दुसऱ्या भेटीने द्यावी हा केवळ कागदपत्रांचा योगायोग नाही, असे माझे म्हणणे आहे. शहर पहिल्यांदा पाहणाऱ्याला जागा दिसते. काळ दिसण्यासाठी हाताशी आधीचे एक माप असावे लागते, आणि ते माप फक्त परत आलेल्या माणसाजवळ असते. मराठीने हा भेद फार जुन्या काळापासून ओळखला आहे. काशीची यात्रा जन्मात एकदा घडली तरी पुष्कळ, पण पंढरीची वारी असते, आणि वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे आहे. एकदाच जाऊन आलेल्याला कुणी वारकरी म्हणत नाही. मात्र वारी नेमाने, दिंडीबरोबर घडते. एखादे शहर मनात भरले म्हणून पुढे केव्हातरी एकट्याने तिथे परतायचे, ही वेगळी रीत आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. तो व्हेनिसइतका स्वच्छ क्वचितच कुठे दिसेल, कारण पाच शतके लोक तिथे परत जात राहिले आणि परतल्यावर काय वाटले ते लिहून ठेवत राहिले. या लिखाणातून एक गोष्ट पुढे येते. जुने शहर जपले पाहिजे, ही आज आपल्याला सहज वाटणारी जाणीव बऱ्याच अंशी या परत आलेल्या डोळ्यांनी घडवली. त्या डोळ्यांत एक दोषही होता. शहरावर त्याचाही परिणाम झाला, म्हणून त्याचा हिशेब मांडल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

आधी पहिल्या भेटीकडे पाहू. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतले तरुण शिक्षण संपवण्याच्या सुमारास युरोपची मोठी फेरी करीत. बरोबर शिक्षक असे, आल्प्स ओलांडायचा खर्च आणि त्रास दोन्ही मोठे असत, आणि फेरीचा हेतू पुरा झाला की पुन्हा जाण्याचे कारण उरत नसे. घरी परतताना ते कानालेत्तोने काढलेली कालव्यांची आणि चौकांची चित्रे घेऊन येत. व्हेनिसमध्ये राहणारा जोसेफ स्मिथ हा इंग्रज ती चित्रे गिऱ्हाइकांना मिळवून देई, आणि त्याचा स्वतःचा संग्रह १७६२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने विकत घेतला. या व्यवहाराचा परिणाम असा झाला, की पुढच्या पिढीने व्हेनिस डोळ्यांनी पाहण्याआधी भिंतीवर पाहिले. पहिल्या भेटीत माणूस आधीच माहीत असलेली गोष्ट जागेवर आहे की नाही ते तपासत असतो. जर्मन कवी गटे २८ सप्टेंबर १७८६ रोजी व्हेनिसला पोचला तेव्हा पहिली गोंडोला दिसताच त्याला वडिलांनी व्हेनिसहून आणलेली खेळण्यातली गोंडोला आठवली. लहानपणी तिच्याशी खेळायला मिळणे ही त्याच्या घरी मोठी मेहेरबानी होती. मोल्लर हे खोटे नाव घेऊन, एकटाच हिंडत, त्याने सुमारे अडीच आठवडे शहर मनसोक्त पाहिले, सेंट मार्क चौकातल्या घंटाघरावर चढून आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. हा आनंद खरा होता. पण तो ओळख पटण्याचा आनंद होता. पुस्तक, चित्र आणि खेळणे यांनी आधी दिलेले व्हेनिस खरे निघाले, याचा तो आनंद होता.

तोच गटे १७९० च्या वसंतात पुन्हा व्हेनिसला आला, आणि इथेच माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप उभा राहतो. ही भेट त्याच्या मनासारखी झाली नाही. वायमारच्या राजमाता आना आमालिया इटलीहून परतत होत्या, त्यांना घेऊन येण्याचे काम त्याच्याकडे होते आणि त्यांची वाट पाहण्यात आठवडे गेले. घरी त्याची सहचरी क्रिस्टियाने होती, तीन-चार महिन्यांचा मुलगा होता. या मुक्कामात त्याने लिहिलेल्या छोट्या कवितांमधून घाण, भिकारी, परक्याची फसवणूक यांबद्दलचा वैताग उघड दिसतो. मग दुसरी भेट म्हणजे निव्वळ विरस, आवडते शहर एकदाच पाहावे आणि आठवणीत ठेवावे, असे कुणी म्हणेल. पण नीट पाहिले तर १७८६ च्या व्हेनिसमध्येही भिकारी होते आणि गल्ल्याही तितक्याच घाणेरड्या होत्या. चार वर्षांत बदलले ते पाहणाऱ्याचे ओझे. नवलाई डोळ्यांवरून उतरली तेव्हा शहरातली माणसे कशी जगतात ते दिसू लागले. आणि याच वैतागाच्या दिवसांत लिदो बेटावरच्या यहुदी दफनभूमीजवळ त्याच्या नोकराने उचललेली मेंढीची कवटी गटेच्या हाती आली. ती पाहताना कवटीची हाडे मणक्यांच्या हाडांपासून घडली असावीत अशी कल्पना त्याला सुचली. पुढच्या शास्त्राने ती त्या रूपात मान्य केली नाही, पण प्राण्यांच्या शरीररचनेचा विचार करणाऱ्यांना तिने कितीतरी वर्षे कामाला लावले. पहिल्या भेटीतला गटे घंटाघरावर चढला, दुसऱ्या भेटीतला वाळूत पडलेल्या हाडाशी थांबला. विरस झाला म्हणून दुसरी भेट वाया गेली असे ठरत नाही. पाहण्याची ठरलेली यादी संपलेली होती, म्हणून यादीत नसलेले दिसले.

हाच अनुभव तीनशे वर्षे आधी फेलिक्स फाब्री या उल्म गावच्या मठवासी साधूने फार प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. तो १४८० मध्ये व्हेनिसच्या बंदरातून जहाजाने जेरुसलेमच्या यात्रेला गेला. पवित्र भूमीत त्याला जेमतेम नऊ दिवस मिळाले. सगळी स्थाने इतक्या घाईने उरकली, की परत आल्यावर काय पाहिले ते नीट आठवेना, आणि जिवाला स्वस्थता लाभेना. म्हणून १४८३ मध्ये तो पुन्हा निघाला, आणि या खेपेला पाहिलेले सारे लिहीत गेला. आज पंधराव्या शतकातल्या त्या यात्रेबद्दल, जहाजांबद्दल आणि व्हेनिसबद्दल आपल्याला जे बारकाव्यानिशी कळते, त्यातले पुष्कळसे त्याच्या या जाडजूड वृत्तांतातून आले आहे. नव्याचे नऊ दिवस ही आपली म्हण फाब्रीच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली. फरक एवढाच, की नवलाई संपली तिथे त्याची उत्सुकता संपली नाही. पहिल्या भेटीने त्याला पुण्य दिले असेल, पण वृत्तांत दिला तो दुसऱ्या भेटीने.

परत येणाऱ्याच्या डोळ्यांनी शहराचे काय होऊ शकते हे मात्र जॉन रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाच्या निमित्ताने दिसले. तो १८३५ मध्ये सोळाव्या वर्षी आईवडिलांबरोबर व्हेनिसला आला, १८४१ मध्ये पुन्हा त्यांच्याचबरोबर. १८४५ चा प्रवास त्याने पहिल्यांदा त्यांच्यावाचून केला. बरोबर एक नोकर आणि एक वाटाड्या होता, पण काय पाहायचे, कुठे किती थांबायचे हे ठरवणारे वडील आता इंग्लंडमध्ये होते आणि त्यांना तो जवळजवळ रोज पत्र लिहीत होता. या पत्रांत आधीच्या दोन भेटींचे माप सतत हातात आहे. मुख्य भूमीवरून येणाऱ्या रेल्वेच्या पुलाचे काम चालू होते. पूर्वी पाण्यातून वर येताना दिसणारे शहर आता पुलाच्या कमानींआड गेले होते, याने तो हादरला. मोठ्या कालव्यावरच्या का दोरो या पंधराव्या शतकातल्या वाड्याचे चित्र काढायला तो बसला, तर समोर मजूर हातोड्यांनी त्याचे दगड पाडत होते. वाडा दुरुस्त होत होता, पण ती दुरुस्ती म्हणजे जुने काढून त्या जागी जुन्यासारखे दिसणारे नवे बसवणे. पहिल्यांदा आलेल्या कुणालाही हा एक सुंदर वाडा आणि चाललेले एक काम एवढेच दिसले असते. रस्किनला काय नाहीसे होत आहे ते दिसले. म्हणून त्याने तेव्हा अगदी नव्या असलेल्या छायाचित्रणाचा आधार घेतला आणि चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर घेतलेली शहरातल्या इमारतींची चित्रे गोळा करायला सुरुवात केली. दगडाची प्रत्येक खोक जशीच्या तशी टिपणारे हे साधन त्याला वरदान वाटले.

पुढे १८४९-५० आणि १८५१-५२ असे दोन लांब मुक्काम करून त्याने जे केले त्याला वेडच म्हणावे लागेल. कोणती इमारत कधीची यावर विद्वानांचे एकमत नव्हते. मग तो शिडी लावून खांबांची, कमानींची, पायांच्या दगडांची मापे घेत सुटला. त्यातून ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ हा तीन खंडांचा ग्रंथ १८५१ ते १८५३ मध्ये निघाला. या ग्रंथातल्या मतांपेक्षा त्यामागची सवय मला महत्त्वाची वाटते. इमारत ही तिच्या खऱ्याखुऱ्या दगडांसकट, त्यांच्या झिजेसकट साक्षीदार असते, आणि नक्कल कितीही हुबेहूब असली तरी ती साक्ष देऊ शकत नाही, ही ती सवय. १८७७ मध्ये तिची परीक्षा झाली. सेंट मार्क चर्चची दक्षिण बाजू मेदूना या वास्तुकाराच्या देखरेखीखाली जुने संगमरवरी थर उतरवून नव्याने मढवली गेली होती, आणि आता पश्चिमेच्या दर्शनी भागाची पाळी होती. आल्विझे झोर्झी या व्हेनिसच्याच सरदाराने त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. रस्किनने तिला प्रस्तावना दिली आणि छपाईला पैसे दिले. दोन वर्षांनी विल्यम मॉरिस आणि जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी त्याने स्थापलेल्या संस्थेने इंग्लंडमध्ये सह्यांची मोहीम काढली. इटलीत परक्यांच्या या ढवळाढवळीचा रागही आला. पण दर्शनी भाग त्या पद्धतीने मढवला गेला नाही. आज त्या भिंतीपाशी उभे राहिले की जे मूळ दगड दिसतात, ते टिकण्यामागे तिथेच राहणाऱ्या झोर्झीचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या रस्किनचा असा दोघांचा हात आहे. का दोरोचेही पुढे बरे झाले. १८९४ मध्ये जोर्जो फ्रांकेत्ती याने तो विकत घेतला, विकली गेलेली अंगणातली कोरीव विहीर शोधून परत आणली आणि १९१६ मध्ये सारे सरकारला देऊन टाकले.

या परत जाण्यात एकटेपणाचा संबंध काय, असा प्रश्न इथे रास्त आहे. मापाची गोष्ट खरी असेल तर ते माप सोबतीतही हाती असते. पण पहिली भेट बहुधा कुणाच्या तरी हाताखाली घडते. कुणाबरोबर शिक्षक असतो, कुणाबरोबर आई, कुणाच्या हातात मार्गदर्शक पुस्तक. त्यांची मते आपल्या मतांत इतकी मिसळतात, की शहर आवडले की सोबत आवडली हे सांगता येत नाही. सोबत काढून घेतली की हे दोन धागे सुटे होतात. १९०० च्या जानेवारीत रस्किन वारला आणि त्याच वर्षी मे महिन्यात फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त, रस्किनची पुस्तके मनात घेऊन, आईबरोबर व्हेनिसला गेला. ऑक्टोबरमध्ये तो आईवाचून पुन्हा गेला. या दुसऱ्या भेटीचा पक्का माग एकच आहे. सान लाझ्झारो या छोट्या बेटावर १७१७ पासून आर्मेनियन साधूंचा मठ आहे, तिथल्या नोंदवहीत १९ ऑक्टोबर १९०० या तारखेला त्याची सही आहे. पुढे आपल्या कादंबरीत त्याने या शहराचे जे केले ते माझ्या म्हणण्याला सरळ पाठिंबा देत नाही. निवेदक आईबरोबर व्हेनिसला येतो, निघायच्या दिवशी हट्टाने मागे राहतो, आणि आई स्टेशनकडे गेल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत शहराचा अर्थ गळून पडतो. वाडे म्हणजे नुसते दगड उरतात, कालवा म्हणजे नुसते पाणी. घाबरून तो धावत आगगाडी गाठतो. एकटे राहिल्यावर आवडते शहर नाहीसे होते, असे या प्रसंगाचे म्हणणे दिसते, आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही.

पण याच प्रसंगाला दुसरी बाजू आहे. गळून पडले ते शहर नव्हते. आईच्या असण्याने, वाचलेल्या पुस्तकांनी शहरावर चढवलेला अर्थ गळून पडला. तो उसना होता हे एकटे राहिल्याशिवाय कळले नसते. आणि कादंबरी तिथे संपत नाही. शेवटच्या खंडात पॅरिसमधल्या एका अंगणात निवेदकाचा पाय उंचसखल फरशीवर पडतो, आणि सेंट मार्क चर्चच्या बाप्तिस्माघरातल्या तशाच दोन उंचसखल फरश्या, त्या दिवसाच्या साऱ्या स्पर्शांसह, त्याला परत मिळतात. ज्या दगडांना भिऊन तो पळाला, त्या दगडांनीच शहर त्याच्या स्वाधीन केले. सोबतीने दिलेले शहर सोबतीबरोबर जाते आणि पायाखाली जाणवलेले उरते, असा याचा अर्थ मी घेतो. ड्यूररचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. बायको आग्नेस जर्मनीत राहून त्याची छापील चित्रे विकत होती, आणि हा इथे एकटा. पहिल्या भेटीत २३ वर्षांचा ड्यूरर ज्यांना थोर म्हणायचे त्यांना थोर म्हणत असणार. दुसऱ्या भेटीत तो स्वतःच्या तराजूवर माणसे तोलतो. मत्सरी चित्रकारांना नावे ठेवतो आणि त्याच पत्रात लिहितो, की जोव्हान्नी बेल्लिनी फार म्हातारा झाला आहे, तरी चित्रकलेत अजून तोच सर्वांत पुढे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. आवडलेल्या शहरी परत जाणे ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे, तिच्यावर एवढी मोठी इमारत कशी उभारता, असे कुणी विचारील. यात तथ्य आहे. रस्किनच्या वडिलांचा मद्याचा मोठा व्यापार होता. प्रूस्तला पोटासाठी काम करावे लागले नाही. पण ड्यूरर हा प्रवास मित्राकडून पैसे उसने घेऊन करत होता. जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीजवळच्या चर्चसाठी त्याने काढलेल्या गुलाबमाळांच्या उत्सवाच्या चित्रावर त्याचे पाच महिने गेले, आणि तेवढ्या वेळात दुसरीकडे किती जास्त मिळवले असते याचा हिशेब तो मित्राला कळवतो. फाब्री साधू होता, दुसऱ्या यात्रेसाठी त्याला श्रीमंत सरदारांचा धर्मगुरू म्हणून जावे लागले. शिवाय परत जाणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते ज्या गोष्टीमुळे, तिचा रस्किनला सर्वांत जास्त तिटकारा होता. साडेतीन किलोमीटरांहून लांब असलेला तो रेल्वेचा पूल जानेवारी १८४६ मध्ये उघडला. १८७१ मध्ये आल्प्सखालून फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा बोगदा झाला. प्रूस्तला एका वर्षात दोनदा व्हेनिसला जाता आले ते या रुळांवरून. इथे रस्किनचे चुकले असे स्पष्ट म्हणावे लागते. ज्या पुलाने त्याची पहिली आठवण मोडली, त्याच पुलाने हजारो लोकांना दुसरी आठवण दिली.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो शहरात राहणाऱ्यांच्या बाजूने येतो. परत येणाऱ्याला शहर पूर्वीसारखेच हवे असते. त्याला भिंतीचा पोपडा सुंदर वाटतो, आत राहणाऱ्याला मात्र ओल लागते. १४ जुलै १९०२ रोजी सेंट मार्क चौकातले घंटाघर कोसळले, तेव्हा ते होते तसे आणि होते तिथेच बांधायचे ठरले आणि १९१२ मध्ये ते उभे राहिले. साऱ्या जगाला दिलासा वाटला, पण त्या दिवसापासून व्हेनिसवर जणू बंधन पडले, की त्याने पूर्वीसारखेच दिसावे. दिसण्याची काळजी घेतली गेली, राहण्याची तितकी नाही. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे १,७५,००० लोक राहत होते, २०२२ मध्ये ही संख्या ५०,००० च्या खाली गेली. घरे पाहुण्यांसाठी भाड्याने जाऊ लागली, काही तर वर्षातून दोन-तीन आठवडे येणाऱ्या शहरप्रेमींनीच विकत घेऊन उरलेले वर्षभर बंद ठेवली. ड्यूररच्या ओळखीच्या जर्मन व्यापाऱ्यांची वखार विसाव्या शतकात शहराचे मोठे टपालघर होती, २०१६ मध्ये तिथे चैनीच्या वस्तूंचे दुकान उघडले. टपालघर लागते ते तिथे राहणाऱ्याला. दगड वाचला आणि त्यातला संसार उठून गेला, तर कसली साक्ष टिकली, हा प्रश्न परत येणाऱ्यांनी स्वतःला विचारायलाच हवा.

तो दोष मान्य करूनही मला वाटते, की उतारा आणखी परतण्यातच आहे. परत येण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत माणूस आठवणीला प्रमाण मानून शहराला दोषी धरतो, दुसरीत शहराला प्रमाण मानून आठवण दुरुस्त करतो. रस्किनच्या आयुष्यात दोन्ही दिसतात. १८४५ चा तरुण पुलावर आणि नव्याने बसवलेल्या दिव्यांच्या खांबांवर चिडलेला आहे. १८७६-७७ च्या हिवाळ्यात आलेला म्हातारा रस्किन कार्पाच्चो या जुन्या व्हेनिसी चित्रकाराच्या संत उर्सुलेच्या चित्रापुढे दिवसचे दिवस बसला, आणि कॅथलिक व्हेनिसला आपण ऐन उमेदीत कडव्या प्रॉटेस्टंट चष्म्यातून पाहिले, अशी कबुली त्याने पुढे दिली. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या लेखकाला स्वतःच्या पुस्तकाविरुद्ध बोलायला लावण्याचे सामर्थ्य पुन्हा पुन्हा येण्यात होते. ड्यूरर दुसऱ्यांदा आला तेव्हाही शहर जसेच्या तसे नव्हते. जर्मनांची ती जुनी वखार जानेवारी १५०५ मध्ये जळून गेली होती आणि नवी अजून उभी राहायची होती. त्यावर तो हळहळत बसला नाही. त्या चालत्याबोलत्या, आगीतून सावरणाऱ्या शहरात त्याने काम मिळवले, भांडणे केली, भूमिती शिकायला पुस्तक विकत घेतले. शहर त्याच्यासाठी थांबावे अशी अपेक्षा नसल्यामुळेच त्याला शहराकडून इतके घेता आले.

एप्रिल २०२४ मध्ये व्हेनिसने वर्षातल्या ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांवर पाच युरोचा प्रवेशकर लावला. रात्र मुक्कामाला राहणाऱ्याला तो द्यावा लागत नाही. या कराने गर्दी किती कमी झाली हा वेगळा वाद आहे, पण त्यातून शहराने केलेला भेद लक्षात घेण्यासारखा आहे. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्याला शहर काही सांगू शकत नाही, तसेच त्याच्याकडून ते काही ऐकूही शकत नाही. त्याच्याजवळ तुलनेला काही नसते, म्हणून काय हरवले याची तक्रारही त्याला करता येत नाही. ज्या शहराला फक्त पहिल्या भेटीचेच लोक भेटतात, त्या शहराचा देखावा टिकतो आणि साक्षीदार संपतात. म्हणून नवे शहर पाहण्याची संधी सोडून जुन्याकडे एकट्याने परत निघालेल्या माणसाला आपण वेडा समजू नये. कशाची तरी तपासणी त्याने अंगावर घेतलेली असते, आणि तिचा निकाल त्याच्या आवडीविरुद्धही लागू शकतो. ड्यूररचा निकाल तसा लागला. त्या थंडीत त्याने आपली जुनी आवड पुन्हा तपासली, ती उतरल्याचे मित्राला खरेखरे कळवले, आणि म्हाताऱ्या बेल्लिनीबद्दलचा आदर मात्र वरचढ ठरल्याचेही कळवले. तो परत आला नसता, किंवा परत येऊन खोटे लिहिता, तर २३ व्या वर्षी आल्प्स ओलांडून आलेल्या त्या तरुणाला व्हेनिसमध्ये काही कधी आवडले होते, हे आज कुणालाच ठाऊक नसते.